‘फॅटी लिव्हर, ग्रेड वन’ : रिपोर्टमधील एका ओळीचा अर्थ

या सदरासाठी येणाऱ्या पत्रांत हल्ली सोनोग्राफीच्या रिपोर्टची झेरॉक्स हमखास जोडलेली असते. तपासणी कोणी मुतखड्यासाठी केलेली असते, कोणी पित्ताशयातील खड्यासाठी, तर कोणी नुसतीच ‘एकदा सगळे बघून घेऊ’ म्हणून. ज्यासाठी तपासणी केली ते बहुधा ठीक निघते. पण यकृताच्या रकान्यात एक ओळ असते, ‘फॅटी लिव्हर, ग्रेड वन’. पत्र विट्याहून येवो, कोरेगावहून येवो की तासगावहून, त्यात प्रश्न दोनच असतात. ‘डॉक्टर, ही कावीळ आहे काय?’ आणि ‘ग्रेड वन म्हणजे तसे काही विशेष नाही ना?’ पहिल्याचे उत्तर ‘नाही’ असे एका शब्दात देता येते. दुसऱ्यासाठी मात्र हा सगळा लेख खर्ची घालावा लागणार आहे.

प्रथम हा अवयव ओळखून घेऊ. ‘काळजात धस्स झाले’ म्हणताना आपण हात छातीवर डावीकडे नेतो. पण मटणाच्या दुकानात ‘पाव किलो काळीज द्या’ म्हटले, की दुकानदार बरोबर यकृतच कापून देतो. या बाबतीत आपल्या बोलण्यापेक्षा खाटीक अधिक अचूक आहे. माणसाचे यकृत उजव्या बरगड्यांच्या आड असते आणि त्याचे वजन सव्वा ते दीड किलो भरते. आतड्यातून शोषलेले बहुतेक अन्नरस प्रथम येथेच येतात. जादा साखर साठवणे, उपाशीपोटी ती रक्तात सोडणे, पित्त तयार करणे, रक्त गोठवणारी प्रथिने बनवणे, औषधे व विषारी द्रव्ये निकामी करणे ही सारी कामे यकृत करते. निरोगी यकृतात चरबी थोडी असतेच. ती पाच टक्क्यांच्या वर गेली, की त्याला आपण फॅटी लिव्हर म्हणतो.

हे दुखत का नाही, असे पुष्कळजण विचारतात. यकृताच्या आत वेदना जाणवणारे मज्जातंतू नाहीत. ते केवळ वरच्या आवरणात आहेत. आत चरबी साठते, सूज येते, व्रण पडतात आणि माणसाला पत्ता लागत नाही. गॅस होणे, ढेकर येणे, सकाळी तोंड कडू होणे या तक्रारींचे खापर लोक फॅटी लिव्हरवर फोडतात. बहुतेक वेळा त्या तक्रारींचा याच्याशी काही संबंध नसतो.

अण्णांच्या गळ्यातील माळ

खटाव तालुक्यातील एक गृहस्थ माझ्याकडे आले होते. वय अठ्ठावन्न, गळ्यात तुळशीची माळ, वर्षाची वारी न चुकणारी, घरचे किराणा दुकान. मांसाहार नाही, सुपारीचेही व्यसन नाही. सोनोग्राफीत फॅटी लिव्हर निघाले. तपासणी आटोपून ते बाहेरच्या बाकावर जाऊन बसले, तेव्हा त्यांचा मुलगा आत आला आणि दार लोटून हलक्या आवाजात म्हणाला, ‘डॉक्टर, खरे सांगा, अण्णा चोरून घेतात का?’

आपल्याकडे ‘लिव्हर खराब’ म्हणजे दारू, हे समीकरण इतके पक्के आहे, की आयुष्यभर दारूला न शिवलेल्या माणसावर त्याच्याच घरात संशय येतो. पुष्कळ बायका तर रिपोर्ट सासरी दाखवतच नाहीत. हा केवळ आपल्या खेड्यांचा दोष नव्हे. अमेरिकेतील प्रख्यात मेयो क्लिनिकमधील विकृतिशास्त्रज्ञ डॉ. लुडविग यांनी १९८० साली वीस रुग्णांची हकीकत प्रसिद्ध केली. त्यांच्या यकृताचा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली दारुड्याच्या यकृतासारखाच दिसत होता. पण ही माणसे दारू पीत नव्हती. बहुतेकजण स्थूल होते, अनेकांना मधुमेह होता. तोपर्यंत अशा रुग्णांचे ‘मी पीत नाही’ हे सांगणे डॉक्टरसुद्धा मनातून मानत नसत. लुडविग यांनी त्या आजाराला नाव दिले, तेही ‘दारूविना होणारा’ अशा नकारार्थी थाटाचे. २०२३ साली जगभरातील यकृततज्ज्ञांनी हे नाव बदलले. आता त्याला ‘चयापचयाच्या बिघाडाशी निगडित मेदयुक्त यकृतविकार’ अशा अर्थाचे नाव आहे. नाव लांबलचक आहे खरे, पण मुळावर बोट ठेवणारे आहे. अण्णांचा बिघाड साखरेच्या पचनात होता. त्यांची उपाशीपोटीची साखर ११८ निघाली, आणि ती त्याआधी कधी तपासलेलीच नव्हती.

जे घेतात त्यांच्यासाठी एकच वाक्य. दारूने होणारी हानी आणि या बिघाडाची हानी एकमेकींना वाढवतात, तेव्हा रिपोर्टमध्ये चरबी दिसल्यावर ‘थोडी चालते का?’ हा प्रश्न विचारू नये.

चरबी येते कोठून?

रिपोर्ट आला, की घरात पहिली गोष्ट होते ती म्हणजे तेल-तूप बंद. भाजी उकडलेली, भाकरीवर तुपाचा थेंब नाही. आणि चहा मात्र पूर्वीइतकाच गोड. येथे गफलत होते. फ्रान्समध्ये बदकाच्या व हंसाच्या यकृताचा एक महाग पदार्थ करतात. त्यासाठी पक्ष्याला तेल पाजत नाहीत. मका भरवतात, त्याला नको असतानाही घशाखाली उतरवतात. काही आठवड्यांत त्याचे यकृत चरबीने अनेक पटींनी फुगते. प्राचीन रोमन लोक याच कामासाठी हंसांना अंजिरे चारीत. इटालियन आणि फ्रेंच भाषांतील यकृताचे शब्दच मुळात लॅटिनमधील अंजिराच्या शब्दावरून आलेले आहेत. धान्य आणि गोड फळ यांपासून यकृत स्वतः चरबी तयार करते, हे स्वयंपाक्यांना दोन हजार वर्षांपासून ठाऊक होते.

माणसाचा हिशेबही शास्त्रज्ञांनी मांडलेला आहे. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात फॅटी लिव्हरच्या रुग्णांच्या यकृतातील चरबीचा माग काढला गेला. त्यातील सुमारे साठ टक्के चरबी अंगावर साठलेल्या मेदातून रक्तावाटे आलेली होती, सुमारे पाव हिस्सा यकृताने साखर व पिष्टमय पदार्थांपासून स्वतः बनवलेली होती आणि थेट खाण्यातील तेलातुपातून आलेली जेमतेम पंधरा टक्के होती. तेलाची बाटली हवी तशी उपडी करावी असा याचा अर्थ नाही. वड्या-भज्यांनी वजन वाढतेच. पण नुसते तूप बंद करून आपण पथ्य पाळतो आहोत, असे समाधान मानणाऱ्याने हे आकडे लक्षात ठेवावेत.

अंगावरचा मेद यकृतात कसा येतो? जेवणानंतर स्वादुपिंडातून इन्शुलिन सुटते. ‘आता बाहेरून साखर आली आहे, साठवणीतील चरबी काढू नका’ असा तो निरोप असतो. पोटाचा घेर वाढलेल्या माणसाच्या शरीरात हा निरोप नीट ऐकला जात नाही. चरबीच्या कोठारांची दारे उघडी राहतात, मेद रक्तात वाहत राहतो आणि यकृतात जाऊन साठतो. निरोप ऐकला जावा म्हणून शरीर आणखी इन्शुलिन सोडते, आणि ते जादा इन्शुलिन यकृताला आणखी चरबी बनवायला लावते. हे चक्र एकदा फिरू लागले, की मधुमेह आणि फॅटी लिव्हर हातात हात घालून येतात.

आता साखरेविषयी. कृष्णाकाठच्या आपल्या दोन्ही जिल्ह्यांत हे लिहिताना हात थोडा अडखळतो. सहकारी साखर कारखान्यांवर येथील हजारो संसार उभे राहिले, शाळा-महाविद्यालये निघाली. ऊस जरूर पिकवावा. प्रश्न आहे तो आपल्या कपबशीतल्या साखरेचा. आपल्या साखरेत निम्मे ग्लुकोज आणि निम्मे फ्रुक्टोज असते. ग्लुकोज सगळे शरीर वापरते. फ्रुक्टोजचा निकाल मात्र मुख्यतः यकृतालाच लावावा लागतो आणि जादा झालेल्याची तेथे चरबी होते. दिवसातून पाच कप चहा, कपात दोन चमचे साखर, असा हिशेब केला तर रोजची चाळीस ग्रॅम होते आणि वर्षाची साडेचौदा किलो. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली सांगितलेली वरून घातलेल्या साखरेची आदर्श मर्यादा दिवसाला सुमारे पंचवीस ग्रॅम आहे. म्हणजे चहातच ती ओलांडली. रसवंतीतील उसाच्या रसाच्या एका पेल्यातून आणखी पंचवीस-तीस ग्रॅम साखर पोटात जाते. आणि आपल्याकडे दारी आलेल्याला चहा घेतल्याशिवाय कोणी जाऊ देत नाही. नको म्हटले तर यजमानाला राग येतो. ‘बिनसाखरेचा द्या, पण द्या’ असे सांगावे. दोन-तीन आठवड्यांत जिभेला सवय होते, हे मी अनेक रुग्णांत पाहिले आहे.

‘मग गूळ चालेल ना?’ हा प्रश्न प्रत्येक पत्रात असतो. गुळात लोह व क्षार थोडे असतात हे खरे. पण बाकी बहुतेक साखरच असते. यकृताला गूळ आणि साखर यांतील फरक कळत नाही. मधाचेही तेच. एकादशीला भरल्या ताटाची साबुदाण्याची खिचडी आणि वर बटाट्याचा कीस हा उपवासही यकृताच्या दृष्टीने उपवास नव्हे, निव्वळ पिष्टाचे जेवण आहे.

‘मी तर काडीसारखा आहे’

काही पत्रलेखक रागावून लिहितात, की माझे वजन बासष्ट किलो, मला चरबी कशी? याचे उत्तर पुण्यातील संशोधनाने दिले आहे. के. ई. एम. रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ साली पुण्याजवळील सहा खेड्यांतील गरोदर स्त्रिया व त्यांच्या मुलांचा अभ्यास सुरू केला. तेथील नवजात बाळांचे वजन सरासरी २.७ किलो होते. इंग्लंडमधील बाळांचे ३.५ किलो. आपली बाळे जवळपास प्रत्येक मापात लहान होती. स्नायू कमी, पोटातील अवयव लहान. पण अंगावरील चरबी मात्र त्यांनी त्या मानाने टिकवून ठेवलेली होती. ‘दिसायला बारीक, आतून मेदयुक्त’ अशी ही घडण जन्मापासूनचीच आहे. पुढे २००४ साली डॉ. याज्ञिक यांनी इंग्लंडमधील डॉ. युडकिन यांच्याबरोबर ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात दोघांचे छायाचित्रच छापले. उंचीच्या प्रमाणात वजनाचा आकडा दोघांचा सारखाच, २२.३. शरीरातील चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के!

म्हणून आपल्याकडे वजनकाट्यापेक्षा शिंप्याची टेप अधिक खरे बोलते. बेंबीच्या पातळीवर, श्वास सोडून, पोट आत न ओढता माप घ्यावे. पुरुषांत ९० सेंटीमीटर म्हणजे सुमारे साडेपस्तीस इंच आणि स्त्रियांत ८० सेंटीमीटर म्हणजे सुमारे साडेएकतीस इंच, याच्या वर घेर असेल तर पोटात मेद साठला आहे असे समजावे. गावोगाव आशाताई तीस वर्षांवरील स्त्री-पुरुषांचा जो फॉर्म भरतात, त्यात कमरेचे माप आहे ते यासाठीच. केंद्र सरकारने फेब्रुवारी २०२१ मध्ये फॅटी लिव्हरचा समावेश असंसर्गजन्य रोगांच्या राष्ट्रीय कार्यक्रमात केला, तेव्हा त्यांना हसून वाटेला लावू नये.

ग्रेडचा आकडा काय सांगतो आणि काय सांगत नाही

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. सोनोग्राफी करणारा डॉक्टर यकृत किती पांढरट दिसते ते शेजारच्या मूत्रपिंडाशी ताडून पाहतो आणि एक, दोन, तीन अशी ग्रेड देतो. ही ग्रेड चरबीची आहे, नुकसानीची नव्हे. यकृतात साधारण वीस-तीस टक्के चरबी झाल्याशिवाय ती सोनोग्राफीत नीट दिसतही नाही. खरा धोका असतो तो व्रणाचा. चरबीमुळे काहींच्या यकृताला सूज येते, सूज वर्षानुवर्षे राहिली की तेथे चिवट तंतू तयार होतात, आणि ते वाढत गेले की यकृत आक्रसून गाठाळ होते. त्यालाच सिरॉसिस म्हणतात. मग पोटात पाणी होणे, रक्ताची उलटी, भ्रम, यकृताचा कर्करोग ही मालिका. बहुतेक रुग्ण या टोकाला जात नाहीत. कोण त्या वाटेवर आहे हे ग्रेडवरून कळत नाही, एवढेच मला सांगावयाचे आहे. ग्रेड एकच्या यकृतात व्रण असू शकतात आणि ग्रेड तीनच्या यकृतात नसू शकतात. इतकेच काय, पुष्कळ रुग्णांत एसजीपीटीही मर्यादेतच असते.

मग कळावे कसे? त्यासाठी एक साधा हिशेब आहे. त्याला फिब-फोर म्हणतात. साध्या रक्ततपासणीतील तीन आकडे आणि वय एवढेच लागते. वयाला एसजीओटीने गुणावे. दुसरीकडे प्लेटलेटच्या आकड्याला (१ लाख ८० हजार असतील तर १८०) एसजीपीटीच्या वर्गमूळाने गुणावे. पहिल्या गुणाकाराला दुसऱ्याने भागावे. घरातील दहावीचे पोर मोबाइलवर हे करून देईल.

उदाहरणादाखल दोन कागद शेजारी ठेवू. दोघांचे वय ४८. पहिल्याची सोनोग्राफी ग्रेड एक, एसजीओटी ५२, एसजीपीटी ६४, प्लेटलेट १ लाख ८० हजार. ४८ गुणिले ५२ म्हणजे २४९६. चौसष्टचे वर्गमूळ ८, त्याला १८० ने गुणले की १४४०. भागाकार १.७३. दुसऱ्याची ग्रेड तीन, एसजीओटी ३०, एसजीपीटी ४९, प्लेटलेट अडीच लाख. भागाकार ०.८२. उत्तर १.३ च्या खाली असेल तर मोठे व्रण असण्याची शक्यता कमी, वर असेल तर पुढची तपासणी हवी, २.६७ च्या वर असेल तर यकृततज्ज्ञाकडे लवकर जावे. म्हणजे ग्रेड एकवाल्याला पुढे पाठवायचे आणि घाबरून रात्रभर न झोपलेल्या ग्रेड तीनवाल्याला पथ्यपाणी सांगून घरी पाठवायचे! पासष्टीच्या पुढे १.३ ऐवजी २ ही मर्यादा धरतात आणि पस्तिशीच्या आत हा हिशेब भरवशाचा नाही. डेंग्यूसारख्या तापात प्लेटलेट उतरलेल्या असताना तो करूच नये.

प्लेटलेटचा यकृताशी काय संबंध, असे कोणाला वाटेल. पाटात गाळ साचला, की पाणी मागे तुंबते. यकृतात व्रण झाले, की आतड्याकडून येणारे रक्त तसेच तुंबते, प्लीहा फुगते आणि प्लेटलेट तिच्यात अडकून राहतात. पुढची तपासणी म्हणजे फायब्रोस्कॅन. बरगडीवर यंत्र ठेवून यकृत किती कडक झाले हे त्यात मोजतात, सुई टोचत नाहीत. ती मोठ्या रुग्णालयांतून होते. हिशेब कमी आला असेल तर तिचा खर्च सहसा करावा लागत नाही.

येथे आणखी एक गोष्ट. फॅटी लिव्हरच्या रुग्णांत मृत्यूचे सर्वात मोठे कारण यकृत नव्हे, तर हृदयविकार आहे. म्हणून या रिपोर्टबरोबर रक्तदाब, साखर, तीन महिन्यांची सरासरी साखर आणि कोलेस्टेरॉल पाहिलेच पाहिजे. हृदयासाठी सुरू असलेली कोलेस्टेरॉलची गोळी ‘लिव्हरला वाईट’ म्हणून काहीजण परस्पर बंद करतात. तसे करू नये. फॅटी लिव्हर असतानाही ती घेता येते.

उतरते का?

उतरते, आणि ही या आजाराची चांगली बाजू आहे. वजन पाच टक्के घटले तर यकृतातील चरबी कमी होते; सात ते दहा टक्के घटले तर सूज ओसरू लागते; दहा टक्के व त्याहून अधिक घटले तर अनेकांचे व्रणही मागे हटतात. ऐंशी किलोच्या माणसासाठी हे आकडे चार, सहा ते आठ आणि आठच्या वर असे होतात. बारीक माणसाला तीन-पाच टक्केही पुरतात. आठवड्याला अर्धा-पाऊण किलोपेक्षा वेगाने वजन उतरवू नये. उपासमारीने एकदम वजन घटले तर यकृताची सूज उलट वाढते आणि पित्तखडे होतात ते वेगळेच.

खाण्याचे म्हणाल, तर माण, खटाव, जत, आटपाडी या दुष्काळी तालुक्यांतील जुने ताट मला कोणत्याही छापील आहारतक्त्यापेक्षा बरे वाटते. शाळूची किंवा बाजरीची भाकरी, मटकीची उसळ, हुलग्याचे माडगे, कांदा, पालेभाजी, ताक. फक्त हे ताट जेवणारी माणसे त्या काळी शेतावर चालत जात, मोट हाकत, पाणी शेंदत. आज शेतात मोटारसायकल जाते आणि ठिबकची चावी फिरवली की काम झाले. तेव्हा भाकरी तीच असली तरी चारच्या जागी दोन हव्यात. पाव, खारी, टोस्ट, बिस्किटे आणि बाटलीबंद सरबते ही यादी घरात आणायचीच नाही. मुलांच्या दप्तरातून तर नाहीच, कारण दहा-बारा वर्षांच्या मुलांतही आता हा विकार दिसतो. कंदी पेढा सणाला एक खावा. त्यासाठी मी कोणाशी भांडणार नाही.

आठवड्याला एकूण दीडशे मिनिटे दमदार चाल हवी. बोलता यावे पण गाणे म्हणता येऊ नये, इतका वेग. साताऱ्याची मंडळी अजिंक्यताऱ्यावर चढतात, सांगलीची आमराईत फेऱ्या मारतात, दोन्ही उत्तम. वजन काट्यावर हलले नाही तरी व्यायामाने यकृतातील चरबी कमी होते. दुकानात, भट्टीवर किंवा कचेरीत दिवसभर बसणाऱ्यांनी तासातून एकदा उठावेच. विटा-आटपाडीकडील गलाई व्यावसायिक परप्रांतांतून यात्रेला गावी येतात तेव्हा मी त्यांना हेच सांगतो.

औषधांबाबत थोडक्यात. भारतात २०२० साली सॅरोग्लिटाझार या गोळीला आणि अमेरिकेत २०२४ व २०२५ साली आणखी दोन औषधांना या विकारासाठी मान्यता मिळाली. ती सूज वा व्रण असलेल्या निवडक रुग्णांसाठी आहेत, तज्ज्ञाच्या सल्ल्यानेच घ्यायची आहेत आणि वजन व व्यायाम यांना पर्याय नाहीत. लिव्हर टॉनिकच्या बाटल्यांनी चरबी उतरल्याचा भक्कम पुरावा नाही. झाडपाल्याचे काढे महिनोन्‌महिने घेणाऱ्यांनी जपावे. २०२१ साली मुंबईतील डॉक्टरांनी गुळवेल घेतल्यानंतर यकृताला सूज आलेल्या रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयाने ते निष्कर्ष मान्य केले नाहीत. वाद काहीही असो, आधीच चरबी असलेल्या यकृतावर प्रयोग नको.

ज्यांना या विषयावर पत्र पाठवायचे आहे, त्यांनी नुसती सोनोग्राफीची झेरॉक्स पाठवू नये. वय, कमरेचे माप, एसजीओटी, एसजीपीटी, प्लेटलेट, उपाशीपोटीची साखर आणि दिवसातील चहाचे कप एवढे लिहावे. नाव लिहिले नाही तरी चालेल. फिब-फोरचा भागाकार घरीच करून पाठवलात तर माझा वेळ वाचेल.